ओडिसियसचं टी.ए. बिल

बँकेतल्या कारकुनाचा आणि ग्रीक पुराणांचा संबंध येण्याचं वास्तविक काही कारण नाही. माझा तो प्रथम आला एका सोमवारी सकाळी, शाखेतले सगळे कॉम्प्युटर एकदम आडवे झाले तेव्हा. दुरुस्तीला आलेला पोरगा पडद्याकडे बघून डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "ट्रोजन शिरलाय." मी मनातल्या मनात ट्रोजन आडनावाचा खातेदार शोधू लागलो. पारशी असावा असं वाटलं. घरी आल्यावर कन्येनं खुलासा केला, की तो एक लाकडी घोडा असतो, पोटात सैनिक भरलेला, आणि तो शत्रूनं आपण होऊन गावात ओढून न्यायचा असतो. आमच्या मॅनेजरसाहेबांनी पेन ड्राइव्ह अगदी तस्साच आत घेतला होता.

तर ही आमची कन्या. वय वर्षं सतरा. बारावी कॉमर्सला आहे, म्हणजे घराण्याची परंपरा चालवते आहे. पण वाचते भलतंच. एका रविवारी तिनं तीनशेवर पानांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं.

"बाबा, हे वाच. यातली बाई अगदी तुझ्यासारखी आहे."

"म्हणजे कशी?"

"घरात तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही."

आता यावर रागवावं, तर ते आधी कोणी ऐकायला हवं. मी वाचायला बसलो. माझं इंग्रजी सर्क्युलरांवर पोसलेलं. वाक्यात एक तरी 'हियरिनआफ्टर' आल्याशिवाय ते संपलं असं मला वाटत नाही. पण ही बाई सरळ लिहिते. मॅडलिन मिलर हे तिचं नाव. अमेरिकन, शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवलेली. पहिली कादंबरी 'द साँग ऑफ अकिलीज' २०११ साली आली आणि २०१२चं ऑरेंज पारितोषिक घेऊन गेली. माझ्या मांडीवर पडली ती दुसरी, 'सर्सी', २०१८ सालची. मूळ ग्रीक उच्चार 'किर्के'च्या जवळ जातो आणि कादंबरीत त्याचा अर्थ दिलाय ससाणा. मुलीचे डोळे पिवळे आणि रडणं चिरकं, म्हणून हे नाव पडलं. बारशालाच अपमान.

सर्सी ही सूर्याची मुलगी. हीलिऑस हा तिचा बाप, रोज रथ हाकणारा, स्वतःच्या तेजावर खूश. घरात पैशाला कमी नाही, अमृत पाण्यासारखं वाहतं. पण मुलीला ना रूप ना तेज, आणि आवाज तर माणसासारखा. देवांच्या घरात माणसाचा आवाज म्हणजे आपल्याकडे साहेबांच्या केबिनमध्ये शिपायानं खोकण्यासारखं. बहीणभाऊ तिला हसतात, आई तोंड फिरवते, बाप चुकून एकदा बघतो तेव्हा ती भाजते. हे वाचताना मला सारखी कर्णाची आठवण येत होती. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं तेव्हापासून सूर्यपुत्राची कैफियत आपल्याकडे घरोघर पोचली आहे. सूर्याच्या पोरांचं नशीब दोन्ही देशांत सारखंच दिसतं. बाप सगळ्या जगाला दिसतो, पोरांना तेवढा भेटत नाही.

पुढं ही मुलगी ग्लॉकस नावाच्या एका गरीब कोळ्याच्या प्रेमात पडते. तो मर्त्य, ती अमर. तेव्हा ती काही झाडपाल्याचा रस काढून त्याला देव करून टाकते. देव झाल्याबरोबर ग्लॉकसची मान ताठ होते, बोलण्यात वजन येतं, आणि तो सिल्ला नावाच्या एका सुंदर अप्सरेच्या मागं लागतो. मला यात पुराण काही वाटलं नाही. आमच्यातला एकजण ऑफिसर झाला, तेव्हा त्याच्या परीक्षेचे फॉर्म मी भरले होते. दुसऱ्या दिवशी त्यानं मला आडनावानं हाक मारली.

मी गप्प बसलो. सर्सी बसत नाही. सिल्ला जिथं आंघोळीला जाते त्या पाण्यात ती रस ओतते, आणि सिल्लाची होते सहा डोक्यांची राक्षसीण. ती जाऊन एका चिंचोळ्या खाडीच्या कड्यात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी उचलून खाते. ही गोष्ट बाईंनी पदरची घातलेली नाही, रोमन कवी ओव्हिडनं ती सांगून ठेवलेली आहे. बाईंचं श्रेय वेगळं आहे. ओव्हिडकडे तो मत्सराचा एक किस्सा आहे, घडला आणि संपला. इथं तो संपत नाही. पुढच्या सबंध कादंबरीत कुठंही खलाशी मेले, की सर्सीच्या खात्यावर नावे पडतात.

आमच्या धंद्यात 'सस्पेन्स अकाउंट' नावाचं एक खातं असतं. ग्राहकांना वाटतं त्यात काहीतरी रहस्य असेल. तसलं काही नसतं. जी रक्कम कुठं टाकायची ते कळत नाही ती तात्पुरती तिथं टाकतात, आणि इन्स्पेक्टर आला की सगळ्यांत आधी तिथं बोट ठेवतो. सिल्ला ही सर्सीच्या सस्पेन्स खात्यातली रक्कम. इतर देवांना असली खातीच नसतात, ते केलेलं विसरतात. ही एकटी विसरत नाही, आणि म्हणूनच ती देवांच्या घरात उपरी ठरते. मला वाटतं, कादंबरीतली सगळ्यांत खोल गोष्ट ही आहे. तो हिशेब शेवटी कसा मिटतो ते मी सांगणार नाही. कन्येची सक्त ताकीद आहे.

या कृत्याबद्दल देवमंडळी सर्सीला एका निर्जन बेटावर हद्दपार करतात. बेटाचं नाव आयाया. मी खोटं सांगत नाही. उंबऱ्याला अंगठा ठेचल्यावर माणूस जे म्हणतो तेच त्या बेटाचं नाव आहे.

आयायावरची सुरुवातीची पानं मी दोनदा वाचली. जादू म्हटलं की आपल्याला वाटतं, हात फिरवला, मंत्र पुटपुटला, झालं. इथं तसं नाही. मुळी शोधायची, ती अमुक वेळेलाच खणायची, धुवायची, वाळवायची, कुटायची, आणि एवढं करून निम्म्या वेळा काहीच घडत नाही. मग उद्या पुन्हा. देवांना ही विद्या का येत नाही, तर त्यांना कष्टाची सवय नाही. जादू ही नोकरी आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलं नव्हतं. मी हे रात्री जेवताना वाचून दाखवलं, तर आमची ही म्हणाली, "मग गोडा मसाला काय वेगळा असतो?" तिथपासून त्या पुस्तकाची आमच्या घरात मालिका झाली. रोज रात्री कन्या दोन प्रकरणं मराठीत सांगायची, आणि हिच्या हातातलं लाटणं रंगाप्रमाणे कमीजास्त वेगानं फिरायचं.

मधला भाग मात्र जरा एस.टी. स्टँडसारखा झालाय. ग्रीक पुराणातला जो उठतो तो सर्सीपाशी उतरतो. हर्मीस येतो, जेसन आणि मीडिया येतात. सर्सीलाही मध्येच बहिणीच्या बाळंतपणाला क्रीटला पाठवलेलं आहे, कारण तिथं डेडलस भेटायला हवा. डेडलस सुरेख उतरलाय, कसबी माणसाचं सगळं दुःख त्याच्या बोटांत आहे. पण बाकीच्यांचा येऊन जाण्याचा हेतू "आम्हीही ग्रीक पुराणात आहोत" एवढाच वाटतो. बाईंना इतकं माहीत आहे, की कुणालाच नाही म्हणवलेलं नाही.

आणि मग येतो ओडिसियस.

हल्ली मी विभागीय कार्यालयात टी.ए. बिलं तपासायला असतो. बाहेरगावी जाऊन आलेल्या माणसानं प्रवासखर्चाचं बिल टाकायचं आणि मी ते बघायचं. या धंद्यात आल्यापासून माझा मनुष्यजातीवरचा विश्वास कमी झालाय, पण कल्पनाशक्तीवरचा वाढलाय. म्हणून कन्येकडून होमरच्या 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर घेऊन चाळलं तेव्हा मला एक गोष्ट दिसली. माझ्या जागी बसणाऱ्या कुणालाही ती दिसली असती.

सर्सी ही दुष्ट जादूगारीण, ती खलाशांची डुकरं करते, ओडिसियस तिच्यावर तलवार उपसतो, ती त्याच्या पाया पडते, हे सगळं 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात आहे. पण ते होमर सांगत नाही. नवव्यापासून बाराव्या सर्गापर्यंतची कथा स्वतः ओडिसियस सांगतो. कुठं? फेआकी लोकांच्या राजवाड्यात, जेवणानंतर. कशासाठी? त्याला त्यांच्याकडून घरी जायला जहाज हवंय. साक्षीदार? कोणी नाही. ट्रॉयहून निघताना बारा जहाजं होती, त्यांतली अकरा एका बंदरात फुटली. उरलेल्या जहाजावरच्या मंडळींनी सर्सीच्या बापाचीच गाईगुरं कापून खाल्ली, त्या पापात तीही बुडाली. जिवंत एकटा तो. म्हणजे सबंध टोळी दौऱ्यावर गेली, परत आला एक, आणि बिल त्यानं टाकलंय. व्हाउचर एकही नाही.

त्यात दौऱ्याचा तपशील बघा. युद्धात दहा वर्षं, परतीला दहा. परतीच्या दहांपैकी सात वर्षं कॅलिप्सो नावाच्या देवतेकडे मुक्काम, एक वर्ष सर्सीकडे. दहांपैकी आठ वर्षं दोन बायकांच्या घरी हॉल्टिंग, आणि सदरात काय लिहिलंय, तर समुद्र खवळला होता. पाताळाची हकीगत सांगताना तर हा गडी मध्येच थांबतो. "आता झोपायला हवं" म्हणतो. तेव्हा तिथली राणी त्याला आणखी भेटी द्यायला सांगते आणि राजा म्हणतो, हा माणूस थापाड्या दिसत नाही, पुढं चालू द्या. अखेर ट्रॉयच्या लुटीतला वाटा सुखरूप घरी आणता तर जेवढा झाला असता, त्याहून जास्त माल घेऊन तो इथाकाला उतरला. बिल नुसतं पास झालं नाही, वर बक्षिसी मिळाली.

होमर काही भोळा नव्हता. इथाकाला उतरल्याबरोबर हाच ओडिसियस भेटेल त्याला "मी क्रीटचा" म्हणून नवनवी चरित्रं सांगत सुटतो. बायकोलाही सोडत नाही. म्हाताऱ्यानं शहाण्यांसाठी खूण करून ठेवली आहे. मिलरबाईंनी ती खूण ओळखली आणि अडीच हजारांहून अधिक वर्षांनी ऑडिट काढलं.

ऑडिटमध्ये काय निघतं? डुकरं खरी. पण त्याआधी एक जहाज आलं होतं. एकटी बाई, कुणी पुरुष घरात नाही, हे बघून सर्सीनं जेवूखाऊ घातलेल्या त्या माणसांच्या कप्तानानं तिच्यावर बलात्कार केला. हा प्रसंग बाईंनी कसलाही आरडाओरडा न करता लिहिलाय, म्हणून तो डोक्यातून जात नाही. डुकरं त्यानंतरची. आणि तलवार, पाया पडणं वगैरे? पुढं कधीतरी सर्सी त्या भेटीवर रचलेलं गाणं ऐकते, त्यात आपण गुडघे टेकलेले पाहते, आणि तिला त्याचं नवलही वाटत नाही. या शांतपणात जो विनोद आहे तो मला जमत नाही.

तरी बाईंनी ओडिसियसला खलनायक केलेलं नाही. मला याबद्दल त्यांचं फार कौतुक वाटतं. हल्ली जुन्या नायकांना नव्यानं फटके मारणं सोपं झालंय. इथं तो थकलेला आहे, हुशार आहे, गोड बोलणारा आहे, रात्री शेकोटीपाशी युद्धाच्या गोष्टी सांगणारा आहे, आणि सर्सीला तो मनापासून आवडतो. त्याची दुसरी बाजू फार उशिरा कळते, त्याच्या मुलाच्या, टेलेमॅकसच्या तोंडून. वीस वर्षांनी घरी आलेला हा बाप घरात रमलाच नाही, सगळ्यांवर संशय घेत राहिला. 'ओडिसी'च्या बाविसाव्या सर्गात बारा दासींना फासावर लटकवतात, ते काम या मुलाच्या हातून झालेलं. होमर चार ओळींत पुढं जातो. कादंबरीतला मुलगा पुढं जाऊ शकत नाही.

आता माझी एक तक्रार. ओडिसियसचं बिल सर्सीनं तपासलं, ठीक. सर्सीचं कोण तपासणार? सबंध कादंबरी तीच सांगते आणि तिलाही साक्षीदार नाही. ज्या खलाशांची डुकरं झाली त्यांतला एखादा तरी निव्वळ वल्हं मारायला आलेला असेल, त्याला बोलायची सोय नाही. आपल्याकडे खांडेकरांनी १९५९ साली 'ययाति' लिहिली, तेव्हा ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघांनाही आपापलं म्हणणं मांडायला लावलं. सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंतीही बोलते, दुर्योधनही बोलतो. एकाचं विधान दुसऱ्याच्या विधानाशी ताडून बघता येतं. 'सर्सी'त ती सोय नाही. वाचक सर्सीच्या बाजूला असतो, कारण दुसरी बाजू मांडायला कुणी बोलावलेलंच नाही.

हे मी जेवताना मोठ्या ऐटीत मांडलं. ही काही बोलली नाही. तव्यावरची पोळी उलटली.

त्या रात्रीचं प्रकरण मुलाचं होतं. ओडिसियस निघून जातो, तेव्हा सर्सीला दिवस गेलेले असतात. मुलगा होतो, टेलेगोनस. हाही कादंबरीतला शोध नव्हे. त्याच्यावर एक अख्खं ग्रीक महाकाव्य होतं, ते हरवलं, त्याचा गोषवारा तेवढा उरलाय. पण त्या गोषवाऱ्यात बाळ रडत नाही. इथं रडतं. रात्रंदिवस, थांबता न थांबता. आई अमर, मूल मर्त्य, म्हणजे जगातली प्रत्येक गोष्ट त्याला मारू शकते, आणि वर अथीनादेवी त्याच्या जिवावर उठलेली. मदतीला कोणी नाही. सर्सी झोपेनं झिंगलेली, केस पिंजारलेले, एका हातानं औषध ढवळते आहे, दुसऱ्या हातात पोर. इतक्या वीरांनी, देवांनी, राक्षसांनी भरलेल्या पुस्तकातली सगळ्यांत मोठी लढाई बाईंनी ही लिहिली आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली पानं हीच.

कन्या सांगत होती आणि लाटणं थांबलं होतं.

"तूसुद्धा नऊ महिने अशीच रडत होतीस," ही म्हणाली.

"आणि बाबा कुठं होता?"

"बाबा साप मारत होते."

यातला संदर्भ वाचकांना द्यायला हवा. माझी पहिली नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. तीन वर्षं. कुटुंब डोंबिवलीत, कन्या नुकतीच जन्मलेली, माझी आई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. शनिवारी अर्धा दिवस बँक करून निघालो तरी रविवारी रात्री परत फिरावं लागे, म्हणून दोन महिन्यांतून एकदा येणं व्हायचं. त्या तीन वर्षांवर मी पुढं वर्षानुवर्षं गप्पा मारल्या. नदीला आलेला पूर, बंद पडलेली एस.टी., आणि मुख्य म्हणजे कॅशरूममध्ये निघालेला साप. हा साप मी मारला. सुरुवातीला तो चार फूट होता. कन्येच्या मुंजीएवढ्या वयाला तो सहा फूट झाला. मेव्हण्याच्या लग्नात त्यानं फणा काढला.

मग ही सांगू लागली. जुलै महिना होता. पोरीला एकशे चार ताप. गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षा बंद. शेजारच्या काकांनी वर छत्री धरली आणि ही रेनकोटच्या आत पोर बांधून रुळांच्या पलीकडच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली. रात्रभर तिथल्या बाकावर बसली. सकाळी ताप उतरला. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. साप सांगायला मला अर्धा तास लागतो.

"हे मला कधी कळलं नाही," मी म्हणालो.

"सांगून काय करणार होतात?"

जुलै म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. सापही जुलैतलाच.

कन्या माझ्याकडे बघत होती. पिवळे नसले तरी डोळे ससाण्याचेच आहेत. "बाबा, साप खरंच होता ना?"

"होता," मी म्हणालो. "पण धामण होती. दोन हात. आणि मारली नाही कोणी, शिपायानं पोत्यात घालून ओढ्याकडे सोडली. मी काउंटरवर चढलो होतो."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," ही म्हणाली. "सकाळी ताप उतरला, ते कळवायला मी तुमच्या शाखेत फोन केला होता. शिपायानं उचलला. म्हणाला, साहेब काउंटरवर उभे आहेत, खाली यायला तयार नाहीत, काही निरोप आहे का? म्हटलं, असू दे."

तिनं गॅस बारीक केला, शेवटची पोळी डब्यात टाकली आणि हात पुशीत कन्येला विचारलं, "बरं, मग त्या बाईच्या मुलाचं पुढं काय झालं?"

कन्येनं खूण काढून पुस्तक उघडलं.